ब्रायटनमधला विद्यार्थी

परदेशी शिकायला गेलेला मुलगा समुद्रकाठच्या शहराविषयी लिहू लागला की आपण किनारा, बाजार, इमारती यांच्या वर्णनाची अपेक्षा करतो. गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’मधील ब्रायटनचा प्रसंग ही अपेक्षा पुरी करीत नाही. 1888 ते 1891 या काळात इंग्लंडात कायदा शिकणारा हा तरुण तिथे हवापालटासाठी गेला. पण समुद्राबद्दल तो जवळजवळ बोलतच नाही. हॉटेलातील फ्रेंच खाद्ययादी न कळणे, एका वृद्ध विधवेने केलेली मदत आणि तिच्यापासून लपवलेल्या लग्नाची पुढे पत्राने दिलेली कबुली, एवढेच तो सांगतो. माझ्या मते लेखनाचा कस इथेच लागतो. आपल्यातील पुष्कळ जण शहर दाखवतात आणि स्वतःला झाकतात. तरुण लेखकांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.