'बुलबुल' : प्रेक्षक-प्रतिसाद आणि कालविपर्यासाचा आक्षेप

अन्विता दत्त दिग्दर्शित 'बुलबुल' हा हिंदी चित्रपट जून 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. बंगालमधील जमीनदाराचा वाडा, बालवधू आणि उलट्या पावलांची चुडैल ही त्याची सामग्री. प्रेक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. तृप्ती डिमरीचा अभिनय व रक्तवर्णी दृश्ययोजना यांची प्रशंसा झाली. मात्र रहस्य लवकर उलगडते आणि आजचा स्त्रीवाद गतकाळावर लादला आहे, असे आक्षेपही घेतले गेले.

पहिला आक्षेप गौण आहे. चुडैल कोण, यापेक्षा तिची पावले उलटी का, हा चित्रपटाचा मूळ प्रश्न होय. पती इंद्रनील बुलबुलची पावले निर्दयपणे ठेचतो, तेव्हा लोककथेतील अद्भुत खूण कौटुंबिक हिंसेची खूण ठरते.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कथा 1881 मध्ये सुरू होऊन वीस वर्षे पुढे जाते. याच अवधीत मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. 1890 मध्ये कलकत्त्यात बालवधू फुलमणी दासीच्या मृत्यूबद्दल तिच्या पतीवर खटला चालला. 1891 च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. स्त्रीदेहावरील पतीच्या हक्काचा प्रश्न त्या काळानेच उपस्थित केला होता.

चित्रपटाची खरी मर्यादा अन्यत्र आहे. त्यात न्याय देवीरूप सूडावर सोपविला जातो. अत्याचारी व्यक्तींना शासन घडते, प्रेक्षक समाधान पावतो. परंतु त्यांना अभय देणारी व्यवस्था अस्पर्शित राहते.