सारंगीच्या कानांनी ऐकलेला चेलो

जुना जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मंडळींचे कान सारंगीवर घडले. चेलो म्हणजे सिनेमाच्या गाण्यामागे घुमणारा जाडसर आवाज, एवढीच ओळख. म्हणून शोस्ताकोविचच्या पहिल्या चेलो कन्चेर्टोची जुनी रेकॉर्ड लावताना, हे आपल्याला काय झेपणार, अशी धास्ती होतीच.

वादक रोस्त्रोपोविच, १९२७ साली बाकूला जन्मलेला. १९५९ मध्ये ही रचना हाती पडताच त्याने ती चार दिवसांत पाठ केली. ऑक्टोबरात लेनिनग्राडला पहिला प्रयोग झाला आणि नोव्हेंबरात थेट अमेरिकेत, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासह, हे ध्वनिमुद्रण. संचालक ऑर्मंडी, संगीतकार स्वतः हजर.

चेलो सुरुवातीलाच चार स्वरांचा तुकडा पुढे टाकतो आणि तो तुकडा शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. पितळी वाद्य सबंध रचनेत एकच, हॉर्न. ते मध्येच येऊन चेलोला टोकते. तिसऱ्या भागात चेलो अगदी एकटा. आलापाशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फसवी आहे. आलापात राग उलगडतो. इथे एक माणूस स्वतःशी बोलता बोलता संतापत जातो.

शोस्ताकोविचला सरकारने १९३६ आणि १९४८ मध्ये जाहीर झोडपले होते. शेवटच्या भागात त्याने स्टालिनचे लाडके गीत ‘सुलिको’ मोडूनतोडून दडवले आहे. खुद्द रोस्त्रोपोविचलाही ते आधी कळले नव्हते, मग आम्हाला कुठून कळणार! पण त्यातला खवचटपणा न सांगताही कळतो. आपल्या कथा-कवितांत दुःख फार उघडे मांडले जाते, असे आम्हाला कधीकधी वाटते, ते इथे पुन्हा वाटले.

एक तक्रार आहे. ऑर्मंडीची तंतुवाद्ये या कडू संगीताला जरा जास्तच गोड वाटतात.

आणि एक बोच. चेलोही दीर्घकाळ साथीचेच वाद्य होते. रोस्त्रोपोविचने संगीतकारांकडून त्याच्यासाठी नव्या रचना लिहवून घेतल्या. आपल्याकडे मुंबईत पंडित रामनारायण यांनी सारंगीला एकलवादनाची बैठक मिळवून दिली. मात्र ज्या मुस्लिम घराण्यांनी ती पिढ्यानपिढ्या जपली, त्यांतल्या कितीतरी मुलांनी कोठ्याचा शिक्का नको म्हणून गज खाली ठेवला. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, इंदूरचे अमीर खाँ सारंगियांच्याच घरातले. नाव झाले ते गळ्याने. गाणे श्रीमंत झाले, हे खरेच. पण रेकॉर्ड संपल्यावर आमच्यातल्या एकाने विचारले, जालन्यात आज सारंगी कोणाकडे आहे? एकही नाव पुढे आले नाही.