हॉकिंग यांची कृष्णविवरे: पुन्हा वाचताना

स्टीफन हॉकिंग यांचे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील कृष्णविवरांवरची दोन प्रकरणे शिक्षकांनी जरूर वाचावीत. मात्र हाती पेन्सिल घेऊन वाचावीत, असे आम्ही सुचवू.

पुस्तकाचे बळ कार्यकारणभाव उलगडण्यात आहे. इंधन संपले की ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने आकसतो. उरलेले वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपर्यंत असेल तर श्वेतबटू तारा होतो. ही चंद्रशेखर मर्यादा. त्याहून जड गाभ्याचा न्यूट्रॉन तारा होतो आणि दोन-तीन पटींपलीकडे गेल्यास कृष्णविवर. हे सारे हॉकिंग गणिताशिवाय समजावतात. येथे एक दुरुस्ती करावी: पुस्तकात चंद्रशेखर १९२८ साली इंग्लंडला निघतात, प्रत्यक्षात ते १९३० साली निघाले.

दुसरा प्रकार आदिम कृष्णविवरांचा. विश्वारंभी काही भाग सभोवतालापेक्षा पुरेसे दाट असतील, तर ते ताऱ्यावाचूनच कोसळले असतील. हॉकिंग यांचे स्वतःचे संशोधन या विषयावर असल्याने हे विवेचन रंगले आहे. परंतु असे कृष्णविवर अद्याप निश्चितपणे सापडलेले नाही, हे वर्गात सांगायला हवे.

पुस्तक उणे पडते ते तिसऱ्या प्रकारात. आपल्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवर त्यात सुमारे एक लाख सूर्यांएवढे मानले आहे. पुढे गेंझेल आणि गेझ यांच्या गटांनी केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा मोजल्या. त्या दोघांना २०२० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज हा आकडा सुमारे ४३ लाख आहे. आकडा जुना होणे हा लेखकाचा दोष नव्हे. पण एवढे मोठे कृष्णविवर घडते कसे, यावर पुस्तक फारसे थांबत नाही.

त्यामुळे ‘कृष्णविवर म्हणजे मेलेला तारा’ एवढेच वाचकाच्या मनात राहते. मग एखादी विद्यार्थिनी विचारते, “केंद्रातले कृष्णविवर कोणत्या ताऱ्याचे?” प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर असे, की ते कोणत्याही एका ताऱ्याचे नाही. लहान कृष्णविवरे वायू गिळत आणि एकमेकांत विलीन होत वाढली असतील, किंवा वायूचा प्रचंड ढग थेट कोसळला असेल. विलीनीकरण तर दिसलेही आहे: २०१९ साली नोंदलेल्या गुरुत्वीय लहरींतून सुमारे १४२ सूर्यांएवढे, मधल्या वजनाचे कृष्णविवर जन्मल्याचे कळले. तरीही विश्व १०० कोटी वर्षांचेही नसताना १०० कोटी सूर्यांएवढी कृष्णविवरे कशी तयार झाली, हे कोडे सुटलेले नाही.

‘कृष्णविवर म्हणजे अतिशय घन पदार्थ’ ही समजूतही तपासून घ्यावी. वस्तुमान जितक्या सूर्यांचे, तितक्या वेळा तीन किलोमीटर ही त्याच्या सीमेची त्रिज्या. एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचे आहे. त्याची सरासरी घनता मुलांकडून काढून घ्या. ती हवेपेक्षाही कमी भरेल.

पुस्तक कपाटातच ठेवू नये. ते वाचावे, आणि जिथे ते थांबते तिथून वर्ग सुरू करावा.