फाशांच्या आधारे सांगितलेली अद्भुतकथा

आमच्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे आणि तो वेडाचा आहे. ब्रिटिश अमदानीत मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत येथील छावणीत महिनोन् महिने पडून राहत. रिकामपण, उष्मा आणि ताप यांनी काहींची डोकी फिरत. अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. देवळालीचे ‘डूलॅली’ झाले आणि आपल्या तापाचा ‘टॅप’ झाला. १९७४ साली बीबीसीने या छावणीतील सैनिकी नाट्यपथकावर एक विनोदी मालिका सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या लहानशा गावी, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळाच्या तीन पातळ पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. पुढे या खेळावरही मुलांना वेड लावण्याचा आरोप झाला.

हा खेळ आता आमच्या धर्मग्रामातील महाविद्यालयीन मुलामुलींपर्यंत पोहोचला आहे. २०१६ साली सुरू झालेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आणि २०२३ चा चित्रपट यांनी त्याला नवे भक्त मिळवून दिले. काही पालकांनी आम्हांस विचारले, की हा खेळ पापमय आहे काय? नियमावली, कथा आणि कथन यांनी बनलेली ही वस्तू असल्यामुळे तिचे परीक्षण एखाद्या ग्रंथाप्रमाणेच व्हावे, असे आम्हांस वाटते. उत्तर देण्यापूर्वी ग्रंथ वाचला पाहिजे, हा नियम येथेही लागू आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, इतर प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, ‘समोर भुयार आहे, आतून कुजका वास येतो आहे, काय कराल?’ खेळाडू उत्तर देतात आणि ते कृत्य साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट असेलच असे नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा पुढे जाते, इतकेच.

या खेळाचे मूळ युद्धकलेत आहे, हे देवळालीकरांना रोचक वाटेल. १८२४ साली राइसवित्झ नावाच्या प्रशियन तोफखान्यातील एका अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने लढाईचा अभ्यास करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या शिपायांची लढाई घरच्या जमिनीवर आणली. अशा युद्धखेळांच्या मंडळींतूनच गायगॅक्स आणि आर्नेसन पुढे आले. तोफखान्याचे शिक्षण देणाऱ्या आमच्या गावात या खेळाने यावे, हे त्याच्या मूळ घरी येण्यासारखेच आहे.

परंतु युद्धखेळात पलटणी असतात, येथे एकटा माणूस आहे, आणि त्या माणसाला अंतरंग दिले ते कथावाङ्मयाने. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथाला आपल्यावर संस्कार करणाऱ्या लेखकांची यादीच जोडली. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट हे स्वस्त मासिकांतून वाढलेले लेखक तीत आहेत आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किनही आहेत. मंत्र उच्चारताच मांत्रिक तो विसरतो, हा नियम व्हान्सचा. सुव्यवस्था आणि अराजक यांतील झगडा हा पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतला. जखमा आपोआप भरून येणारा राक्षसही तिथलाच. या कादंबरीचा नायक अखेरीस कॅथलिक होतो. टॉल्किन तर निष्ठावान कॅथलिक. आपली महाकथा मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका येशूसंघीय स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते.

मग हा खेळ सैतानी ठरला कसा? १९७९ साली मिशिगनमधील एक सोळा वर्षांचा विद्यार्थी विद्यापीठातून नाहीसा झाला. शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने या खेळाकडे बोट दाखवले आणि वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. तो मुलगा नैराश्याने ग्रासलेला होता आणि खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता, हे मागाहून उघड झाले. तोवर कंडी पिकून गेली होती. १९८४ साली जॅक चिक या प्रचारकाने ‘डार्क डन्जन्स’ नावाची चित्रपुस्तिका काढून हा खेळ म्हणजे चेटुकविद्येची दीक्षा, असे जाहीर केले. या चिकची दुसरी कामगिरी आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. कॅथलिक ख्रिस्तसभा ही सैतानाचीच रचना, असे सांगणाऱ्या पुस्तिका त्याने आयुष्यभर काढल्या. १९८८ साली एका पुस्तिकेत त्याने पवित्र मिस्सेतील भाकरीला मृत्यूचे बिस्किट म्हणून हिणवले. ज्या लेखणीने आपल्या वेदीची विटंबना केली, तिचा निवाडा आपण आपल्या मुलांच्या बाबतीत डोळे मिटून का स्वीकारावा? तिला खेळ कळला नव्हता आणि मिस्साही कळली नव्हती.

म्हणून खेळ निर्दोष ठरतो, असे मात्र नव्हे. त्यात दोष आहेत आणि ते चिकने दाखवले तेथे नाहीत.

पहिला दोष मोलाचा. मूळ नियमांत पात्राची उन्नती ‘अनुभवा’वर होते आणि अनुभव मोजला जातो तो मारलेल्या राक्षसांवर आणि लुटलेल्या सुवर्णमुद्रांवर. एक मुद्रा म्हणजे एक गुण. दया दाखवणाऱ्याला काही मिळत नाही. थडगे उकरणाऱ्याला मिळते. अनुभव या शब्दाचे एवढे अवमूल्यन आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. पुढे अनेक सूत्रधारांनी ही मोजणी सोडून दिली, ही गोष्ट त्यांच्या विवेकाची साक्ष होय.

दुसरा दोष धर्मगुरूच्या पात्राचा, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. आर्नेसनच्या मंडळीत एक खेळाडू रक्तपिपासू पिशाच बनून सर्वांना भारी पडू लागला. त्याला आवरण्यासाठी, भयपटांतल्या पिशाचमर्दकाच्या धर्तीवर, हे पात्र जन्मास आले. १९७४ च्या पुस्तिकेत त्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. खेड्यातला पाद्री तिसऱ्या पायरीवर, व्हिकर चौथ्या, क्युरेट पाचव्या, बिशप सहाव्या आणि त्याच्याही वर लामा! क्युरेट हा व्हिकरचा साहाय्यक असतो, हे कर्त्यांच्या गावीही नाही. याला आम्ही हसून सोडून देऊ. परंतु हे पात्र रोज ठरावीक मंत्र वापरून जखमा भरते, आणि पुरेशी उन्नती झाल्यावर मेलेल्याला उठवते, हे हसण्यावारी नेता येत नाही. कृपा ही येथे शिधापत्रिकेवरील साखरेसारखी मोजून मिळते. मरण स्वस्त झाले, की शौर्यही स्वस्त होते. लाजरसच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला. या खेळात रडण्याचे कारणच उरत नाही. कथा म्हणूनही ही उणीव मोठी आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. या जगात काही जाती जन्मतःच दुष्ट आहेत. ऑर्क दिसला की मारावा. त्याने काय केले, हे विचारण्याचे कारण नाही. देवाने निर्मिलेला कोणताही सज्ञान जीव मुळातून दुष्ट नसतो, ही ख्रिस्तसभेची प्राचीन शिकवण आहे. मानी पंथाशी संत ऑगस्टीनने याच मुद्द्यावर वाद घातला. टॉल्किन यांनाही आपल्या ऑर्कांचा प्रश्न उत्तरायुष्यात छळत राहिला आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्यांना सापडले नाही. आपल्या देशात तर ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात होती. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, तरी आपल्या पारधी बांधवांच्या पाठीवरून तो अजून गेलेला नाही. जन्मावरून माणसाचे मोल ठरवण्याचा रोग ज्या समाजात आहे, तेथे जन्मदुष्ट जातींचा खेळ निष्पाप मनोरंजन म्हणून खेळता येणार नाही. खेळाच्या प्रकाशकांनी २०२० साली ही चित्रणे बदलण्याचे जाहीर केले, तेव्हा जुने खेळाडू रागावले. आमच्या मते बदल योग्य होता.

एवढे दोष दाखवल्यावर आम्ही खेळावर बंदी घालावी, अशी अपेक्षा असेल, तर ती आम्ही पुरी करणार नाही. खेळाच्या अभावाला संत थॉमस अक्वायनस सद्गुण मानत नाहीत. शरीराला जशी विश्रांती, तसा आत्म्याला खेळ, असे ते म्हणतात. आणि ज्याला हसणे-खेळणे मुळीच सहन होत नाही, त्याच्या वागण्यातही दोष पाहतात. फाशाविषयी म्हणाल, तर वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या हे खरे. पण प्रेषितांनी मथियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच केली. साधन तेच, हात आणि हेतू वेगळे.

अद्भुतकथेच्या बाबतीत आमच्यापुढे एक थोर उदाहरण आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला एक सरदार लोयोलाच्या वाड्यात अंथरुणावर पडून होता. त्याने शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. ते त्या काळाचे लोकप्रिय वाङ्मय होते. घरात त्या नव्हत्या. हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. तो तासन् तास कल्पनेत रमे; कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम करी, कधी संत फ्रान्सिससारखा अनवाणी चाले. दोन्ही कल्पना रमत असता गोडच लागत. परंतु पहिली सरल्यावर मन कोरडे पडे, दुसरी सरल्यावर आनंद मागे राही. या एका निरीक्षणातून इग्नेशियसची विवेकसाधना जन्मली. त्याने कल्पना टाकली नाही. ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात तो साधकाला बेथलेहेमचा रस्ता, त्याची लांबी, गुहेची उंची डोळ्यांपुढे आणावयास सांगतो, आणि त्या प्रसंगी एक गरीब दास होऊन हजर राहावयास लावतो. पात्र घेऊन कथेत शिरण्याची ही रीत गुरुप्रशिक्षणालयात शिकलेला प्रत्येक जण जाणतो.

तेव्हा परीक्षेची कसोटी हीच. टेबल आवरल्यावर मुलाच्या मनात काय उरते? चार तास मित्रांचे ऐकून घेतल्याचे समाधान, दुबळ्या पात्राला वाचवण्यासाठी आपले पात्र पणाला लावल्याची धडधड, सूत्रधाराने विचारलेल्या एखाद्या नैतिक कोड्याची टोचणी, की नुसती लुटीची आणि कत्तलीची बेरीज? पहिले उरत असेल तर खेळ चांगला चालला आहे. आम्ही पाहिलेल्या खेळात मुले एकमेकांच्या डोळ्यांत पाहून बोलत होती आणि दूरध्वनी बाजूला पडले होते. एवढी गोष्टही आज थोडी नाही.

मात्र एक खंत नोंदवल्यावाचून राहवत नाही. ही मुले खेळतात ते इंग्रजीत, आणि त्यांची भुयारे युरोपातली असतात. आपल्या भाषेला अद्भुताचे दारिद्र्य कधीच नव्हते. ‘मुक्तामाला’ १८६१ ची. ‘चांदोबा’तला वेताळ पिढ्यान्पिढ्यांच्या खांद्यावर बसला. नारायण धारपांनी भयकथेला मराठी वाडा आणि मराठी अंधार दिला. २०१८ चा ‘तुंबाड’ त्याच वाटेने आला. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात सद्गुण शिड्या होतात आणि दुर्गुण साप. त्या पटावर माणूस फाशाच्या हाती असतो, निवड त्याची नसते; या नव्या खेळात निवडही आहे. या दोहोंचा मिलाफ कोणी केल्यास काय होईल? साल्हेर-मुल्हेरचे बुरूज आणि ब्रह्मगिरीची धुके भरली पहाट आमच्या नाशिक जिल्ह्यातच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे असाच प्रश्न होता. नवख्रिस्ती जन जुन्या पुराणांच्या जागी काही मागत होते. त्यांनी पुराणकथनाची गोडी निषिद्ध ठरवली नाही. त्याच ओवीत सुवार्ता ओतून १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले. लोकांना आवडणारा आकार घ्यावा, त्यातले हीण गाळावे आणि त्यात सत्य भरावे, हा धडा आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या पहिल्याच पानावर आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे इतकेच, की बंदी घालण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या टेबलापाशी बसावे. मुलांना सांगणे असे, की तुमच्या कथेत एखादा ऑर्क शस्त्र टाकून शरण आला, तर त्याचे काय कराल, हे पुढच्या खेळात ठरवून पाहा. त्या वेळी फाशाला हात लावू नका. आणि लेखणी धरता येणाऱ्यांना विनंती, की असा एक खेळ मराठीत रचावा. त्याचे परीक्षण लिहावयास आम्ही आनंदाने तयार आहोत.