कुऱ्हाड, नाणे आणि अरण्य

चित्रकथा म्हणजे मुलांना घटकाभर गुंतवून ठेवण्याचे साधन, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही रूढ आहे. लेखक रने गॉसिनी व चित्रकार आल्बेर युदेर्झो यांची ‘ॲस्टरिक्स’ ही विनोदी मालिका हा समज खोटा ठरविते. १९५९ साली एका फ्रेंच साप्ताहिकात तिचा आरंभ झाला. तिचे सतरावे पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये १९७१ साली निघाले आणि अँथिया बेल व डेरेक हॉकरिज यांनी ते ‘द मॅन्शन्स ऑफ द गॉड्स’ या नावाने इंग्रजीत आणले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी ते अगत्याने वाचावे असे आम्हांस वाटते, कारण त्याचा विषय अरण्य हा आहे.

सीझरने सारा गॉल देश जिंकला, पण एक खेडे शरण येत नाही. सैन्याने साधले नाही ते वसाहतीने साधावे, म्हणून गावाभोवतीचे जंगल तोडून रोमन कुटुंबांसाठी इमारती बांधण्याचा घाट तो घालतो. गुलाम झाडे पाडतात; गावचा वैदू-पुजारी मंतरलेले ओकचे बी देतो आणि ते जमिनीत पडताच वृक्ष उभा राहतो. पुढे गावकरी गुलामांनाही शक्तिवर्धक काढा पाजतात. ते पळून जातील ही अपेक्षा. पण ते मजुरी आणि मुक्तता यांचा करार करून पुन्हा कुऱ्हाड उचलतात! हा विनोद आम्हांस अंतर्मुख करतो. न्याय्य मजुरी मागणाऱ्यास दोष कसा द्यावा? चंद्रपूरच्या कोळसाखाणींनी कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत, आणि रानही त्याच खाणींनी गिळले आहे.

पुस्तकाचे खरे मर्म मात्र यापुढे आहे. इमारत उभी राहते, भाडेकरू येतात आणि त्यांच्या स्त्रिया गावात बाजारहाट करू लागतात. मासळीचे भाव चढतात. लोहार जुनी शस्त्रे शोभेच्या वस्तू म्हणून विकू लागतो. पाहता पाहता घरोघर मासळीची नाही तर शस्त्रांची दुकाने निघतात आणि शेजारी शेजाऱ्याच्या उरावर बसतो. कुऱ्हाडीने जे गाव हलले नाही, ते नाण्याने फुटते. शत्रूला हसता हसता लेखक आपल्यालाच हसावयास लावतो. उत्तम विनोदाची खूण हीच, असे आम्ही मानतो.

दोषही सांगितले पाहिजेत. या मालिकेत आफ्रिकी माणसांची चित्रे वसाहतकाळातील व्यंगचित्रांच्या वळणाची आहेत. मुलांना पुस्तक देताना वडीलधाऱ्यांनी हे समजावून द्यावे. दुसरे असे की, येथील जंगल मुख्यतः तटबंदी आणि रानडुकरांची शिकार यांपुरतेच आहे. आमच्याकडे मोह, तेंदू व बांबू यांवर वर्षाचा संसार चालतो आणि तुटलेला साग परत वाढण्यास पिढी जाते. मंतरलेले बी आमच्या झोळीत नाही.

म्हणूनच गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची आठवण होते. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बाजार तेथेही पोहोचला. परंतु बांबू ग्रामसभेने विकला आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत या गावाने पाळली. गॉलच्या खेड्यात दुकाने अनेक होती, सभा नव्हती. जे गॉसिनीने जादूवर सोपविले, ते मेंढ्याच्या लोकांनी एकत्र बसून साधले.

कथेच्या शेवटी बेसूर शाहिराला रोमन इमारतीतून हाकलून देतात आणि एरवी त्याचेच तोंड बांधणारे गावकरी त्या अपमानाने पुन्हा एक होतात. इमारत पडते, अवशेषांवर रान माजते. तरीही वृद्ध पुजारी कायमच्या विजयाचे आश्वासन देत नाही. काळाचा ओघ थांबणार नाही, पण अद्याप अवधी आहे, एवढेच तो सुचवितो. हा अवधी आपण एकमेकांशी भांडण्यात घालवावयाचा की एकत्र बसण्यात, हा प्रश्न हे हसरे पुस्तक आपल्यापुढे ठेवते. वाचकहो, मुलांसोबत ते जरूर वाचावे.