खाओलाओलाओ : नळीतली रिकामी जागा

चीनच्या उत्तरेकडच्या शान्शी प्रांतात पिठाला जितके आकार मिळतात, तितके जगात क्वचितच कुठे मिळत असतील. कणकेचा मोठा गोळा हातावर तोलून धरायचा आणि वाकड्या सुरीनं त्याच्या लांबट चिरफळ्या थेट उकळत्या पाण्यात उडवायच्या, हा एक प्रकार. अंगठ्यानं दाबून वळलेले ‘मांजराचे कान’ हा दुसरा. या करामती बहुतेक गव्हाच्या जिवावर चालतात, कारण गव्हाची कणीक ओढली तर ताणली जाते आणि तुटत नाही. प्रांताच्या उत्तर भागात, दातोंग आणि शिंचौच्या डोंगराळ पट्ट्यात मात्र उन्हाळा तोकडा आणि हवा थंड. तिथलं जुनं, भरवशाचं धान्य म्हणजे ओट. त्या भागाच्या तीन ठेवी लोक मोजून दाखवतात, त्या ओटचं पीठ, बटाटा आणि मेंढीच्या कातड्याचा कोट अशा. त्या ओटच्या पिठाचा खाओलाओलाओ हा मला शान्शीच्या साऱ्या पिष्टान्नांत सर्वांत विचारानं घडवलेला पदार्थ वाटतो.

टोपलीचं झाकण काढलं की आत बोटभर उंचीच्या पातळ नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात, सगळ्यांची तोंडं वर. मधाच्या पोळ्याची उपमा सगळेच देतात आणि ती चपखल आहे. रंग मात्र करडा, मातकट. एक नळी नुसतीच तोंडात टाकली तर भाजलेल्या धान्याचा खमंगपणा, किंचित गोडसर चव आणि दाताला जाणवणारा चिवटपणा, एवढंच हाती लागतं. पिठात मीठसुद्धा नसतं. सगळी चव शेजारच्या वाडग्यात ठेवलेली असते.

या ओटची जात निराळी. मळणीतच त्याचं टरफल सुटतं आणि उघडा दाणा हाती येतो. त्या दाण्याला ताटात येईपर्यंत तीनदा शेक मिळतो. दळण्याआधी तो भाजतात. ओटमध्ये स्निग्धांश भरपूर आणि त्याला खवट करणारं एन्झाइमही त्यातच असतं. भाजल्यानं ते निकामी होतं, पीठ टिकतं आणि खमंग होतं. दुसरा शेक पिठाला, उकळत्या पाण्याचा. ओटमध्ये ग्लुटेन नाही, म्हणून गार पाण्यात भिजवलेलं पीठ लाटायला गेलं की फुटतं. कढत पाणी ओतलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि गोळा एकजीव बनतो. मोदकासाठी उकड काढणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. तांदळाची अडचण तीच आणि तोडगाही तोच. तिसरा शेक वाफेचा.

गोळा गरम असतानाच मळायचा असतो. निवला की तो आपलं म्हणणं ऐकत नाही. मग खरं काम सुरू होतं. समोर चकचकीत चिनीमातीची फरशी किंवा गुळगुळीत दगड. सुपारीएवढा गोळा तोडून त्यावर ठेवायचा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं एका दमात पुढे रेटायचा. गोळ्याची जिभेसारखी लांबट पट्टी होते, इतकी पातळ की खालची फरशी जाणवावी. रेटताना जोर सगळीकडे सारखा हवा. कडेला कमी पडला तर पट्टी तिथे जाड राहते आणि मधे जास्त झाला तर भोक पडतं. लगेच दुसऱ्या हातानं ती पट्टी टोकाकडून सोलून घ्यायची, तर्जनीभोवती एक वेढा द्यायचा आणि तशीच टोपलीत उभी करायची. जाणत्या बाईचे हात हे सगळं एका लयीत करतात. रेटणं, सोलणं, गुंडाळणं, उभं करणं यांत थांबा कुठे येतो ते शोधून सापडत नाही. लाटणं नाही, साचा नाही. गव्हाच्या नूडलला जो ताण धान्याकडून आयता मिळतो, तो इथे माणसाच्या तळहाताला द्यावा लागतो. या पदार्थाचं खरं मोल मला इथे दिसतं.

नळ्या पातळ असल्यामुळे त्या एकमेकींच्या आधारानंच उभ्या राहतात. विरळ मांडल्या तर वाफेनं मऊ होऊन लवंडतात. खाली पाणी खळखळतं हवं आणि साधारण दहा मिनिटं पुरे. ओटचा वास घरभर झाला की झालं समजायचं. जास्त वेळ ठेवलं तर तोंडं मिटतात, आणि तोंड मिटलेल्या नळीत मग काही शिरत नाही.

आता वाडग्याकडे वळू. हिवाळ्यात मटण आणि अळंब्यांचा गरम रस्सा करतात आणि हॉटेलं त्याचीच जाहिरात जास्त करतात. टोमॅटोचा शिजवलेला रसही घरोघरी होतो. पण खाओलाओलाओची जात कळायची तर उन्हाळ्यातलं भाज्यांचं गार पाणी घ्यावं. काकडीच्या आणि मुळ्याच्या बारीक काड्या, चिरलेली कोथिंबीर, ठेचलेला लसूण, मीठ, लाल मिरचीचं तेल, गार पाणी आणि हात सैल सोडून व्हिनेगर. वर फोडणी जवसाच्या तेलाची. त्या मुलखात स्वयंपाकाचं तेल म्हणजे जवसाचंच. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी खाल्लेल्याला त्याचा थोडा कडवट, दाट वास ओळखीचा वाटेल. तेल तापलं की त्यात रानटी कांद्याच्या जातीची वाळवलेली इवली फुलं टाकतात. ती क्षणात फुलतात, करपायच्या आत फोडणी वाडग्यात ओततात, आणि कांदा, लसूण, गवत यांच्या मधला कुठला तरी वास उठतो. ही फुलं मिळाली नाहीत तर कांद्याची पात वापरावी. काम भागतं, वास मात्र तो नाही.

व्हिनेगर हा या वाडग्याचा कणा आहे, आणि ते शान्शीचंच हवं. ते ज्वारीचं असतं. ज्वारी शिजवून तिला जव आणि वाटाण्याच्या विरजणानं आंबवतात, पुढे कोंडा मिसळून आंबट होऊ देतात. त्यातला काही भाग मडक्यांत मंद आचेवर दिवसचे दिवस शेकतात. काळा रंग आणि धुरकट खमंगपणा त्यातून येतो. मग रांजण उघड्या अंगणात. उन्हाळ्यात ऊन त्यातलं पाणी उडवतं, आणि कडाक्याच्या थंडीत वर साचलेला बर्फ काढून टाकतात, म्हणजे पाणी पुन्हा कमी. किमान वर्षभर हे चालतं. तैयुआनजवळच्या छिंगश्यूची ही पद्धत 2006 मध्ये चीनच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत आली. सहाव्या शतकात ज्या स-श्ये नावाच्या माणसानं लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात व्हिनेगर करण्याच्या वीसहून अधिक रीती आहेत, यावरून उत्तर चीनच्या आंबटाचं वय कळावं. साधं पांढरं व्हिनेगर जिभेला नुसतं बोचतं. हे आधी गोडसर लागतं, मग आंबट, आणि शेवटी भाजक्या धान्याची चव मागे ठेवतं. तीच चव नळीच्या पिठातही आहे. पीठ आणि पाणी दोन टोकांनी येऊन एकाच भाजकेपणात भेटतात, ही जोडणी ज्या कुणाला सुचली त्याला माझा मनापासून नमस्कार.

नळी पोकळ का, हे आता सांगता येतं. चार-पाच नळ्या चॉपस्टिकनं एकत्र उचलायच्या, वाडग्यात बुडवायच्या आणि पाणी गळायच्या आत तोंडात. सपाट पट्टीला पाणी फक्त बाहेरून लागलं असतं. नळी ते आत भरून घेते, सोबत काकडीची एखादी काडी, तेलाचा थेंब, लसणाचा कण. वाफाळतं पीठ आणि गार आंबट पाणी एकाच घासात येतात आणि त्यांचं मिश्रण ताटात न होता तोंडात होतं. मटणाच्या रश्शात ही गंमत निम्मी उरते, कारण तिथे दोन्ही बाजू गरम आणि दोन्ही जड. पाणी वरून ओतून ठेवलं तर नळ्या भिजून बसतात, म्हणून वाडगा वेगळा तो वेगळाच ठेवावा.

याच पिठाची पोळी पसरून तिच्यावर किसलेला बटाटा आणि गाजर घालून गुंडाळी करतात आणि तुकडे उभे करून वाफवतात. खायला सोपं, पोटभरीचं, भाज्यांनी भरलेलं. पण पोकळी बुजली की पाणी बाहेरच राहतं, आणि माझा कौल नळीलाच.

आपल्याकडच्या दुकानांतले चपटे ओट गिरणीतच वाफवलेले असतात, त्यामुळे ते घरी कोरडे भाजून, दळून, मैद्याच्या चाळणीनं चाळून घेतले तर बऱ्यापैकी जमतं. पीठ आणि कढत पाणी वजनानं सारखं घ्यावं, आधी लाकडी दांड्यानं ढवळावं आणि मग मळावं. फरशी नसेल तर उलटं स्टीलचं ताट चालतं. सुरुवातीच्या पट्ट्या जाड होतात, त्या तशाच वाफवून खाव्यात. उरलेल्या नळ्या दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्यांबरोबर कढईत परतल्या की तिकडच्यासारखाच सकाळचा नाश्ता होतो, आणि त्यावरही शेवटी व्हिनेगर लागतंच.