पान, चित्र आणि आकडा : हॉकीच्या संग्राह्य कार्डाची अनुपस्थिती

प्रस्तावना

मराठीत 'पान' हा शब्द झाडाला, पुस्तकाला, पंगतीला आणि पत्त्यांच्या जोडाला सारखाच लागू पडतो. बारामती-इंदापूर मार्गावरील निमगाव केतकी या गावी मात्र पान म्हटले की प्रथम विड्याचे पान डोळ्यांपुढे येते. पाने खुडावयाची, मोजावयाची, थर लावून बाजारास पाठवावयाची, हा तेथील पानमळ्यांचा परिचित उद्योग आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरील अशा गावांमध्ये गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत शाळकरी मुलांच्या हाती आणखी एक पान आले. खेळाडूचे चित्र आणि त्याखाली आकडे छापलेले ते जाड कागदाचे कार्ड होय. किराणा दुकानातल्या बबलगमबरोबर ते मिळे, नाहीतर तालुक्याच्या बाजारातून पूर्ण जोड विकत आणला जाई. दप्तरात, कंपासपेटीत, गादीखाली ते जपले जाई आणि मधल्या सुट्टीत त्याची अदलाबदल होई.

या कार्डांवर गावसकर होते, कपिलदेव होते, पुढे तेंडुलकर आले. अमेरिकेतले मल्लही होते. हॉकीपटू मात्र जवळजवळ नव्हते. ज्या खेळाला शालेय पुस्तके अनेक वर्षे 'राष्ट्रीय खेळ' म्हणत आली, त्याचा खेळाडू मुलाच्या मुठीत का आला नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. (लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारणा केली तेव्हा, सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून अधिसूचित केलेला नाही असे उत्तर मिळाले. मुलांच्या कार्डांनी हे वास्तव बरेच आधी ओळखले होते.)

कार्ड ही समीक्षेस योग्य वस्तू आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, पानदाने आणि दिवे पाहिलेल्या वाचकास ती येऊ नये. काकासाहेब केळकरांनी जमविले ते बव्हंशी घरगुती वापरातले सामान होते, आणि त्यातूनच एका समाजाची अभिरुची वाचता येते. चित्र आणि संख्या एकत्र आणणारे पान तर या भूमीला मुळीच परके नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, वजीर आणि एक ते दहा, अशी १२० गोल पाने असतात. कोणते पान कोणाहून मोठे, हे तेथेही चित्र आणि संख्या मिळूनच ठरवितात.

कार्डाचे वाचन

काडेपेटीवरील चित्रे जमविण्याचा छंद या कार्डांच्या आधीचा. घोडा छाप, जहाज छाप अशा नावांची ती चित्रे रंगावरून आणि दुर्मिळतेवरून मोलाची ठरत. त्यांत चित्र होते, आकडा नव्हता. 'बिग फन' या बबलगमबरोबर आलेल्या क्रिकेटच्या कागदांनी मोठा बदल केला तो येथे. त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत, ते जमवून बदल्यात काही मिळविता येई. म्हणजे मूल एकाच वेळी चित्र जमवीत होते आणि बेरीजही करीत होते. ट्रम्प कार्डांनी ही बेरीज स्पर्धेत आणली. सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल असे रकाने. एकाने आपल्या वरच्या पानावरील एक आकडा उच्चारावयाचा, ज्याचा मोठा त्याने समोरच्याचे पान घ्यावयाचे.

या खेळाची एक मर्यादा तेव्हाच लक्षात घ्यावयास हवी होती. तो फक्त एकूण बेरजेला किंमत देतो. दिलीप वेंगसरकरांची कसोटी शतके १७. त्यांतील तीन लॉर्ड्सवरची, १९७९, १९८२ आणि १९८६ या लागोपाठच्या तीन दौऱ्यांतली. परदेशी फलंदाजास दुर्लभ असा हा पराक्रम कार्डावर मात्र सतरातला तीन इतकाच उरतो, किंबहुना दिसतच नाही. तरीही या पानांनी ग्रामीण मुलाला एक गोष्ट दिली हे मान्य करावे लागते. ज्या घरात क्रीडाविषयक नियतकालिक येत नव्हते त्या घरातही खेळाडूची कारकीर्द आकड्यांत मांडता येते ही जाणीव त्यांनी पोहोचविली. कार्ड ही सामान्य माणसाच्या हाती पडणारी सर्वांत लहान नोंदवही होती.

हॉकीच्या अनुपस्थितीचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे देतात की, क्रिकेट हा आकड्यांचा खेळ आहे आणि हॉकी हा प्रवाही खेळ आहे. त्यामुळे हॉकीचे कार्ड होऊच शकत नाही. हे स्पष्टीकरण टिकत नाही. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. ती आपल्या हॉकीपेक्षाही वेगवान आणि प्रवाही आहे. तिच्या खेळाडूंची कार्डे १९१०-११ च्या हंगामापासून सिगारेटच्या पाकिटांत येऊ लागली. तो पहिला संच ३६ कार्डांचा होता. ओंटारिओ प्रांतातील ओ-पी-ची या गोळ्या-बबलगमच्या कंपनीने १९७९-८० च्या संचात काढलेले वेन ग्रेट्झ्कीचे १८ क्रमांकाचे कार्ड २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरना विकले गेले. हा किमतीचा भाग येथे गौण आहे. महत्त्वाचे आहे ते त्या कार्डाची मागची बाजू. तेथे गोल, सहाय्य आणि दोहोंची बेरीज असे रकाने असतात.

'सहाय्य' हा रकाना विशेष विचार करण्याजोगा आहे. गोल करणाऱ्याच्या आधी चेंडू, किंवा तेथे चकती, ज्याने दिली त्याचीही नोंद होते. ग्रेट्झ्कीचे गोल ८९४. हा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओवेच्किनने मोडला. परंतु ग्रेट्झ्कीच्या नावावर १,९६३ सहाय्ये आहेत, आणि दुसऱ्या कोणत्याही खेळाडूचे गोल व सहाय्ये मिळूनही तेवढी बेरीज होत नाही. हा एक रकाना नसता तर त्या खेळाडूच्या थोरवीचा मोठा भाग अदृश्य राहिला असता. तात्पर्य, प्रवाही खेळालाही आकडे असतात. कोणीतरी ते मोजावयाचे ठरवावे लागते.

भारतीय हॉकीत हे मोजणे झाले नाही. ध्यानचंदांच्या गोलांची एकूण संख्या वेगवेगळ्या लेखनात वेगवेगळी आढळते. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीवर ८-१ असा विजय मिळविला; त्यात त्यांचे गोल तीन की सहा, यावरही एकमत नाही. योगायोग असा की, त्याच ऑलिम्पिकची छायाचित्रे जर्मनीतील लोक सिगारेटच्या कुपनांवर मिळवीत होते आणि दोन खंडांच्या आल्बममध्ये डकवीत होते. हरलेल्या देशाने स्पर्धा जमवून ठेवली. जिंकलेल्या देशात तिची चोख वहीही राहिली नाही.

हे जुन्या काळातले म्हणून सोडून देता येईल. पण पुण्याच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले हे दूरचित्रवाणीच्या काळातले खेळाडू. १९८९ ते २००४ या काळातील चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी. १९९८ च्या बँकॉक येथील आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघाचे नेतृत्व. त्यांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या ३३९ सांगतात. गोलांचा आकडा मात्र 'सुमारे १७०' असा, अंदाजाने सांगितला जातो, कारण तत्कालीन हॉकी महासंघाने गोलांची विश्वसनीय नोंद ठेवली नाही. पिल्ले यांचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना त्यांची बाजूने मारलेली धाव, बचावफळी फोडून दिलेला पास आणि त्यातून मिळालेला पेनल्टी कॉर्नर आठवतो. हे सारे 'सहाय्य' या रकान्यातले. तो रकाना तर सोडाच, गोलांचा रकानाही अपुरा. मोजून लावलेल्या पानांवर पोट भरणाऱ्या गावाला 'सुमारे' या शब्दाने होणारे नुकसान वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की नोंद असती तर कार्ड निघाले असते. हा निष्कर्षही पुरेसा नाही. १९९० च्या दशकात क्रिकेटइतकीच, काही ठिकाणी त्याहून अधिक, लोकप्रिय झालेली कार्डे होती अमेरिकी व्यावसायिक मल्लांची. त्यांवर उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या असे आकडे असत. या लढतींचे निकाल आधीच ठरलेले असतात, तेव्हा जिंकलेल्या कुस्त्यांचा आकडा ही कथेतली गोष्ट झाली. तरी तो मुलांना पाठ होता. गावोगाव तालमी असलेल्या या भागातल्या मुलाला अंडरटेकरच्या छातीचे माप ठाऊक असावे आणि १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील एकाही मल्लाचे कार्ड त्याच्याकडे नसावे, हा विनोद मानला तर कडवट आहे. म्हणजे आकडा खरा असण्याची अट नव्हती. तो कोणीतरी छापण्याची गरज होती. आणि छापणारा छापतो ते पडद्यावर जे पुन्हा पुन्हा दिसते तेच.

हॉकीचा घात येथे झाला. रंगीत दूरचित्रवाणी भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने आली. त्या स्पर्धेच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात, १ डिसेंबर रोजी, पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरविले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर क्रिकेटचा विश्वचषक भारताच्या हाती आला. नव्या माध्यमाने देशापुढे ठेवलेले हॉकीचे पहिले मोठे चित्र मानहानीचे आणि क्रिकेटचे चित्र विजयाचे ठरले. १९७६ मध्ये मॉन्ट्रिअलच्या कृत्रिम हिरवळीवर भारत सातवा आला होता आणि १९८० चे मॉस्कोतील सुवर्ण अनेक देशांच्या गैरहजेरीत मिळाले होते, हे खरे; घसरण आधीच सुरू झाली होती. पण बबलगम विकणाऱ्याला घसरणीचा इतिहास कळत नाही, त्याला ओळखीचा चेहरा लागतो. मराठीत संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघालेल्या लोकप्रिय क्रीडाविषयक नियतकालिकाचे नाव 'एकच षट्कार' होते. तेव्हाची अभिरुची त्या नावातच उघड झालेली आहे.

हॉकीच्या चाहत्यास मग काय जमविता आले? वर्तमानपत्रांची कात्रणे, इंग्रजी क्रीडा साप्ताहिकांतील मोठी चित्रे आणि टपाल तिकिटे. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील हॉकीच्या विजयाचे तिकीट त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला निघाले. ध्यानचंदांचे ३५ पैशांचे तिकीट ३ डिसेंबर १९८० रोजी, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, आले. तिकीट हा सन्मान आहे, परंतु तो बहुधा निधनानंतरचा आणि शासनाने ठरविलेला. त्याच्या मागे आकडे नसतात, डिंक असतो. मुलाने मधल्या सुट्टीत ते पैजेला लावावे अशी ती वस्तू नव्हे. खेळत्या खेळाडूचे कार्ड देऊन मूल त्याच्याशी जी सलगी करते ती तिकिटाने साधत नाही. भारतीय हॉकीपटूला खेळत असताना कार्ड मिळाले ते बहुतेक पंचांच्या खिशातले, हिरवे किंवा पिवळे.

नीरेपलीकडे

हा प्रश्न केवळ गतकाळाचा असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेस नीरा नदी वाहते. ती बारामतीच्या अंगाने ओलांडली की सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका लागतो. त्या तालुक्यातील आसू या गावची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. निमगाव केतकीच्या मुलींना आता आपल्या नेहमीच्या बाजारपेठेच्या टापूतली, ऊस आणि पाणीपाळीच्या त्याच जगातून आलेली खेळाडू दाखविता येते. पुरुष संघाने २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ऑलिम्पिक कांस्यपदक मिळविले. महिलांची हॉकी इंडिया लीग जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत कोणी केव्हा गोल केला आणि कोणाला कोणते कार्ड दाखविले, याची नोंद आता आंतरराष्ट्रीय महासंघाकडे राहते. तेव्हा आकडे नाहीत ही सबब संपली आहे.

उरते ती रकाने ठरविण्याची बाब. फाळके मधल्या व मागच्या फळीत खेळते. तेथील खेळाडूच्या नावापुढे गोल थोडेच पडणार. तिने अडविलेला चेंडू, हिसकावून घेतलेला ताबा, पुढच्या फळीला दिलेला पास यांना रकाना नसेल तर तिचे कार्ड ट्रम्पच्या खेळात पहिल्या फेरीतच जाईल, आणि ते जिंकून घेणाऱ्या मुलीला आपण काय जिंकले हे कळणार नाही. उद्या एखाद्या क्रीडा संघटनेने, जिल्हा परिषदेच्या शाळेने किंवा महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने असा संच काढावयाचे मनावर घेतले, तर छायाचित्रे मिळविणे सोपे जाईल. कागदाच्या मागच्या बाजूवर कोणती चार मापे छापावयाची, यासाठी मात्र हॉकी जाणणाऱ्या माणसांना एकत्र बसावे लागेल, आणि धनराज पिल्ले यांच्या पानावर 'सुमारे' हा शब्द ठेवावयाचा की जुन्या सामन्यांची वृत्तपत्रे चाळून तो काढावयाचा, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.